मेल सर्व्हरचे डीएनएस रेकॉर्ड: आधी कागद, मग पॅनेल

तासगावला माझ्या मावसभावाचा बेदाण्याचा व्यवहार आहे. स्वतःच्या नावाचं डोमेन, त्यावर ऑफिसचे चार मेल पत्ते. कोटेशन पाठवलं की पलीकडून उत्तर यायचं, "आलंच नाही." मग तेच व्हॉट्सॲपवर, मग फोन, आणि शेवटी सापडायचं ते स्पॅमच्या फोल्डरमध्ये. त्यानं दोघा-तिघांना विचारलं होतं. प्रत्येकानं डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, आणखी एक ओळ (रेकॉर्ड) टाकून दिली होती, आधीची मात्र कुणीच काढली नव्हती. मी त्या नोंदींचं पॅनेल उघडून बसलो तेव्हा त्यानं विचारलं, "दादा, आता काय टाकायचं?" म्हटलं, "टाकायचं नंतर. आधी काय काढायचं ते बघू."

दोन ओळी काढल्या, एक दुरुस्त केली, आणि कोटेशनं इनबॉक्समध्ये जायला लागली. तेव्हापासून माझा अनुभव हाच आहे की मेलचा घोळ रेकॉर्ड नसल्यामुळे जितका होतो, त्याहून जास्त जुन्या, विसरलेल्या रेकॉर्ड्समुळे होतो. म्हणून सुरुवात पॅनेलपासून नको, कागदापासून करा.

लेख वाचण्याआधी एक सूचना. खाली रेकॉर्ड्स देवनागरीत लिहिले आहेत, फोनवर एकमेकांना सांगतो तसे. पॅनेलमध्ये टाकताना अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमन हवेत. उदाहरणासाठी एक्झाम्पल.कॉम हे डोमेन घेतलंय. ते असल्या कामांसाठीच राखून ठेवलेलं आहे. २०३.०.११३.२५ हा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, हाही तसाच, फक्त कागदोपत्री वापरासाठी राखलेल्या गटातला. त्यांच्या जागी तुमचं डोमेन आणि तुमचा आयपी घाला.

कागदावर काय लिहायचं

तुमच्या डोमेनच्या नावानं मेल कोण कोण पाठवतं? पहिलं उत्तर येतं, "आम्हीच, दुसरं कोण." थोडं थांबून पुन्हा विचारा. बिलाचं सॉफ्टवेअर पावती मेल करतं का? वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म कुठल्या सर्व्हरवरून मेल टाकतो? दिवाळीला हजार गिऱ्हाइकांना शुभेच्छा जातात त्या कुठल्या सेवेतून? स्कॅनर थेट मेल करतो का? प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: मेल कुठल्या सर्व्हरवरून निघतो, 'फ्रॉम'मध्ये कुठला पत्ता दिसतो, आणि ती सेवा तुमच्या डोमेनच्या नावानं डीकेआयएम सही (मेलवरची डिजिटल सही, पुढे येईल) करू देते की नाही. तिसऱ्या रकान्यात "माहीत नाही" आलं तरी चालेल, पण ओळ सोडू नका.

दुसरा प्रश्न त्याहून साधा, पण त्यात लोक तासन् तास घालवतात: तुमच्या डोमेनचं डीएनएस नक्की कुठल्या पॅनेलमधून चालतं? डोमेन एकीकडे विकत घेतलेलं, वेबसाइट दुसरीकडे, आणि मध्ये कुणीतरी क्लाउडफ्लेअर (डीएनएस आणि प्रॉक्सीची सेवा) जोडून गेलेलं. तिन्ही ठिकाणी 'डीएनएस मॅनेजमेंट' नावाचं पान असतं आणि तिन्ही ठिकाणी रेकॉर्ड टाकता येतं. जगाला दिसतं ते मात्र एकाच ठिकाणचं. टर्मिनलवर डिग एनएस एक्झाम्पल.कॉम अशी आज्ञा द्या. विंडोजवर एनएसलुकअप आहे. उत्तरात ज्यांचे नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, येतील तेच पॅनेल खरं. बाकीच्या पॅनेलमध्ये कितीही मेहनत करा, ती वाऱ्यावरची वरात.

खरं पॅनेल सापडलं की आत्ता असलेले सगळे रेकॉर्ड्स उतरवून घ्या किंवा झोन फाइल (सगळ्या रेकॉर्ड्सची एकत्र फाइल) एक्सपोर्ट करून ठेवा. उद्या काही बिघडलं तर परतीची वाट असली पाहिजे.

स्वतःचा सर्व्हर की भाड्याची सेवा

गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो यांसारखी सेवा घेतली असेल तर तुमचं काम चार रेकॉर्ड्सचं: एमएक्स (मेल कुठे यावा), एसपीएफ (कोण पाठवू शकतं), डीकेआयएम (सही), डीमार्क (नापास मेलचं काय करायचं). सर्व्हरचा आयपी, त्याचं उलटं नाव, प्रमाणपत्र हे सगळं ते बघतात. तुम्ही पुढचा भाग सोडून थेट एमएक्सवर गेलात तरी हरकत नाही.

स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल, म्हणजे भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मेलची सॉफ्टवेअर, तर आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, २५ नंबरचं पोर्ट बाहेरच्या दिशेनं उघडं आहे का. एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरकडे मेल याच पोर्टनं जातो, आणि स्पॅमच्या भीतीनं अनेक क्लाउड कंपन्या ते अडवून ठेवतात. गूगल क्लाउडवर ते सहसा बंद असतं. ॲमेझॉनच्या ईसीटूवर सुरुवातीला अडवलेलं असतं आणि अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. दुसरी, मिळालेला आयपी स्पॅमहाउसच्या (स्पॅमसाठी बदनाम आयपींच्या) यादीत आधीच आहे का. व्हीपीएसचा आयपी म्हणजे भाड्याची खोली. आधीच्या भाडेकरूनं काय उद्योग केले ते तुम्हाला माहीत नसतं. यादीत असेल तर झगडत बसू नका, सरळ दुसरा आयपी मागून घ्या.

घरच्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. घरगुती जोडणीचा आयपी बदलता असतो, बहुतेकदा शेकडो घरांत वाटलेला असतो, त्याचं उलटं नाव तुमच्या हातात नसतं आणि घेणारे सर्व्हर असल्या आयपींना मुळातच उभं करत नाहीत.

सर्व्हरचं नाव, आयपी आणि उलटं नाव

मेल सर्व्हरला एक पक्कं नाव द्या. मेल.एक्झाम्पल.कॉम चांगलं आहे, फार कल्पकता नको. त्या नावाचं ए रेकॉर्ड:

नाव: मेल
प्रकार: ए
किंमत (व्हॅल्यू): २०३.०.११३.२५

क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर या रेकॉर्डसमोरचा ढग नारिंगी नको, करडा हवा. नारिंगी ढग म्हणजे वाहतूक त्यांच्या प्रॉक्सीतून जाणार, आणि तो प्रॉक्सी वेबसाइटसाठी आहे, मेलसाठी नाही. ढग नारिंगी राहिला तर वेबसाइट उत्तम चालते, मेल येत नाही, आणि माणूस दोन दिवस पोस्टफिक्सची सेटिंग चिवडत बसतो.

आता उलटी दिशा. ए रेकॉर्ड सांगतं की या नावाचा आयपी कोणता. पीटीआर रेकॉर्ड सांगतं की या आयपीचं नाव काय. हे तुमच्या डीएनएस पॅनेलमध्ये टाकता येत नाही, कारण आयपी तुमच्या मालकीचा नाही. ज्यानं आयपी दिला त्या व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमध्ये 'रिव्हर्स डीएनएस' नावाची जागा असते, तिथे पूर्ण नाव भरायचं: मेल.एक्झाम्पल.कॉम. जागा नसेल तर त्यांच्याकडे तिकीट टाका. तपासायला डिग -एक्स २०३.०.११३.२५.

शिवाय सर्व्हर दुसऱ्याच्या दारात उभा राहिल्यावर 'हेलो' म्हणून स्वतःचं नाव सांगतो. पोस्टफिक्समध्ये ते मायहोस्टनेम या सेटिंगमधून येतं. म्हणजे तीन जागी एकच नाव आलं पाहिजे: ए रेकॉर्डमध्ये, पीटीआरमध्ये आणि हेलोमध्ये. तिन्ही जुळले तर घेणारा सर्व्हर पुढचं बोलणं ऐकून घेतो. आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं आणि पासबुकावर तिसरं असलं की कचेरीत काय होतं ते सांगायला नको.

आयपीव्ही६ची (आयपीच्या नव्या, लांब प्रकाराची) खाच इथेच आहे. नव्या व्हीपीएसला आयपीव्ही६ पत्ता आपोआप मिळतो आणि पोस्टफिक्स जमेल तिथे तो वापरतो. त्या पत्त्याला पीटीआर नसतं, एसपीएफमध्ये त्याची नोंद नसते, आणि जीमेल असा मेल ५५० नं सुरू होणारा आकडा तोंडावर मारून परत करतं. काही मेल जातात, काही परततात, संगती लागत नाही. उपाय दोनच: आयपीव्ही६साठी चार-ए (एएएए) रेकॉर्ड, पीटीआर आणि एसपीएफ तिन्ही नीट करा, किंवा पोस्टफिक्सला इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४ सांगून तो रस्ताच बंद करा. छोट्या ऑफिससाठी मी दुसरा निवडतो.

एमएक्स: मेल कुठल्या दाराशी आणायचा

एमएक्स रेकॉर्ड फक्त येणाऱ्या मेलसाठी असतं. जाणाऱ्या मेलशी त्याचा थेट संबंध नाही.

नाव: @
प्रकार: एमएक्स
प्राधान्य: १०
किंमत: मेल.एक्झाम्पल.कॉम

नावातलं @ म्हणजे तुमचं मूळ डोमेन. किमतीच्या जागी आयपी चालत नाही, नावच हवं. त्या नावाला ए रेकॉर्ड असलं पाहिजे, सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं रेकॉर्ड) नको. प्राधान्याचा आकडा जितका लहान तितका मान मोठा. १० आणि २० असे दोन असतील तर आधी १० कडे जातात. काही पॅनेल नावापुढे आपलं डोमेन आपोआप जोडतात, मग रेकॉर्ड तयार होतं मेल.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम. टाकल्यावर डिगनं एकदा बघाच. असं दिसलं तर किमतीच्या शेवटी टिंब द्या. टिंब म्हणजे 'नाव इथे संपलं'.

सेवा बदलली असेल तर जुने एमएक्स काढून टाका. गूगल पूर्वी पाच एमएक्स द्यायचं, २०२३ पासून नव्या ग्राहकांना एकच देतं: एसएमटीपी.गूगल.कॉम, प्राधान्य १. जुने पाच अजूनही चालतात. पण जुन्या होस्टिंगचा एमएक्स मागे राहिला तर काही मेल त्या विसरलेल्या डब्यात पडत राहतात आणि तो डबा कुणी उघडत नाही.

दुसरा, राखीव एमएक्स ठेवावा का? माझं मत, नको. पाठवणारा सर्व्हर तुमचं दार बंद दिसलं तर मेल फेकून देत नाही. तो रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची आहे. तुमचा सर्व्हर दोन तास बंद पडला म्हणून काही बुडत नाही. उलट राखीव सर्व्हरवर गाळणी ढिली असते आणि स्पॅमवाले मुद्दाम तिथूनच शिरतात.

एसपीएफ: माझ्या नावानं कोण बोलू शकतं

इथे कागद पुढ्यात घ्या.

कागदी पत्राला दोन ठिकाणी पाठवणाऱ्याचं नाव असतं: पाकिटावर आणि आतल्या लेटरहेडवर. मेललाही तसंच. पाकिटावरचा पत्ता सर्व्हर वाचतात; परत आलेला मेल त्या पत्त्यावर जातो. लेटरहेडवरचा 'फ्रॉम' माणूस वाचतो. एसपीएफ फक्त पाकिटावरचं डोमेन तपासतं. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं डीमार्क सोपं जातं.

नाव: @
प्रकार: टीएक्सटी
किंमत: व्ही=एसपीएफ१ आयपी४:२०३.०.११३.२५ इन्क्लूड:_एसपीएफ.एक्झाम्पल.नेट ~ऑल

टीएक्सटी म्हणजे साध्या मजकुराचं रेकॉर्ड. अर्थ असा: या आयपीवरून आलेला मेल आमचा, त्या दुसऱ्या सेवेनं आपल्या यादीत लिहिलेले आयपीही आमचे, बाकी कुणी आलं तर संशयानं बघा. इन्क्लूडपुढचं नाव प्रत्येक सेवा आपल्या मदतीच्या पानावर देते, तिथूनच उचला.

आता मावसभावाच्या पॅनेलमधला घोळ. तिथे व्ही=एसपीएफ१ नं सुरू होणाऱ्या दोन ओळी होत्या. एक मूळ वेबसाइटवाल्याची, दुसरी मेल सेवा घेताना टाकलेली. एका नावावर एसपीएफ एकच चालतं. दोन सापडले की घेणारा सर्व्हर यातलं बरोबर कोणतं ते ठरवत नाही, 'पर्मएरर' म्हणून दोन्ही बाजूला ठेवतो. म्हणजे एकही रेकॉर्ड नसण्यासारखंच. उपाय दोन्ही ओळींतले कामाचे शब्द एका ओळीत आणायचे, सुरुवातीला व्ही=एसपीएफ१ एकदाच, शेवटी ऑल एकदाच. साइटची मालकी सिद्ध करणाऱ्या वगैरे इतर टीएक्सटी ओळी त्याच नावावर कितीही असू देत, त्यांचा त्रास नाही.

दुसरी मर्यादा दहाची. एसपीएफ तपासताना घेणारा सर्व्हर जास्तीत जास्त १० वेळा डीएनएसला विचारतो. इन्क्लूड, ए, एमएक्स, रीडायरेक्ट हे प्रत्येक शब्द एक प्रश्न खातात, आणि इन्क्लूडच्या पोटात आणखी इन्क्लूड असतात. अकरावा प्रश्न आला की पुन्हा पर्मएरर. आयपी४ आणि आयपी६ मात्र फुकट. म्हणून स्वतःचा सर्व्हर आयपीनं लिहा, आणि वापर बंद केलेल्या सेवांचे इन्क्लूड काढून टाका. तीन वर्षांपूर्वी आजमावून सोडलेली मेल पाठवण्याची सेवा तुमच्या यादीत असेल, तर तिचे सर्व्हर आजही तुमच्या नावानं बोलू शकतात.

शेवटी ~ऑल लावायचं की -ऑल? -ऑल म्हणजे "यादीबाहेरचा मेल नाकारा." ऐकायला कणखर वाटतं. पण कुणी तुमचा मेल आपल्या दुसऱ्या पत्त्यावर पुढे ढकलला की तो तिसऱ्याच आयपीवरून निघतो आणि एसपीएफ मोडतं. काही सर्व्हर -ऑल बघून सही तपासायलाही थांबत नाहीत. मी ~ऑल ठेवतो आणि कठोरपणा डीमार्कवर सोडतो. +ऑल मात्र कधीही नको, त्याचा अर्थ "माझ्या नावानं कुणीही बोला."

एसपीएफ उपडोमेनला वारशानं मिळत नाही. स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्व्हरच्या नावालाही छोटं रेकॉर्ड द्या: नाव मेल, किंमत व्ही=एसपीएफ१ ए -ऑल. न पोचलेल्या मेलची सूचना परत जाते तेव्हा तिच्या पाकिटावर पत्ताच नसतो, मग हेलोमधलं नाव तपासलं जातं. हे रेकॉर्ड त्यासाठी.

डीकेआयएम: सही

मेल निघताना सर्व्हर त्यावर खाजगी किल्लीनं सही करतो. डीएनएसमध्ये सार्वजनिक किल्ली असते, तिनं पलीकडचा सही पडताळतो. मजकुराला वाटेत कुणी हात लावला तर सही जुळत नाही. आणि मेल पुढे ढकलला तरी, मजकूर तसाच असेल तर, सही टिकते. एसपीएफ जिथे लंगडतं तिथे हे चालतं.

भाड्याच्या सेवेत ही किल्ली त्यांच्या ॲडमिन पानावर तयार करून मिळते. गूगलमध्ये ती तयार करून डीएनएसमध्ये टाकल्यावर पुन्हा त्या पानावर जाऊन सही सुरू करण्याचं बटण दाबावं लागतं. ते विसरणारे खूप आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये किल्लीऐवजी सिलेक्टर१ आणि सिलेक्टर२ असे दोन सीनेम टाकायचे असतात. स्वतःच्या सर्व्हरवर ओपनडीकेआयएमची ओपनडीकेआयएम-जेनकी ही आज्ञा किल्ल्यांची जोडी करून देते. लांबी २०४८ बिट सांगा.

नाव: एस१._डोमेनकी
प्रकार: टीएक्सटी
किंमत: व्ही=डीकेआयएम१; के=आरएसए; पी= आणि पुढे किल्लीची लांबलचक ओळ

एस१ हा सिलेक्टर, म्हणजे किल्लीचं नाव. एका डोमेनला कितीही सिलेक्टर चालतात. प्रत्येक सेवेला वेगळा ठेवा.

अडचण लांबीची येते. टीएक्सटी रेकॉर्डमधला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा नसतो आणि २०४८ बिटची सार्वजनिक किल्ली ३९२ अक्षरांची भरते. बरीच पॅनेल आपोआप तुकडे करतात. जी करत नाहीत तिथे अवतरण चिन्हांत दोन तुकडे करून शेजारी शेजारी ठेवा. वाचणारा ते जोडून घेतो. पॅनेलनं गुपचूप शेपूट कापलं तर रेकॉर्ड दिसतं छान, सही मात्र प्रत्येक वेळी नापास. टाकल्यावर डिगनं आलेली ओळ आणि मूळ ओळ यांची शेवटची दहा अक्षरं जुळवून बघा.

डीमार्क: पाकीट आणि लेटरहेड जुळवा

एसपीएफ पाकीट बघतं, डीकेआयएम सही बघतं. माणूस वाचतो तो 'फ्रॉम' दोघांपैकी कुणीच बघत नाही. भामट्याला हेच हवं असतं: पाकिटावर स्वतःचं डोमेन, सही स्वतःची, दोन्ही पास, आणि लेटरहेडवर तुमचं नाव. डीमार्क म्हणतं, एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं निदान एक पास झालं पाहिजे, आणि ते पास झालेलं डोमेन 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळलं पाहिजे.

नाव: _डीमार्क
प्रकार: टीएक्सटी
किंमत: व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:रिपोर्ट@एक्झाम्पल.कॉम

डीमार्क१ मधली रोमन अक्षरं कॅपिटलच हवीत. पी=नन म्हणजे "काही करू नका, फक्त मला कळवा." हे रेकॉर्ड टाकल्यावर गूगल, याहूसारखे मोठे घेणारे दररोज अहवाल पाठवू लागतात. झिपमध्ये बांधलेली एक्सएमएल फाइल, वाचायला रुक्ष, पण तीत खजिना असतो: तुमच्या नावानं कुठल्या आयपीवरून किती मेल आले आणि त्यांचं काय झालं. अहवाल दुसऱ्याच डोमेनच्या पत्त्यावर मागवायचा असेल तर त्या डोमेनवालाही डीएनएसमध्ये संमतीचं रेकॉर्ड टाकतो, नाहीतर अहवाल येत नाही.

मावसभावाच्या अहवालात पहिल्याच आठवड्यात एक अनोळखी आयपी दिसला. रोज पाच-सहा मेल, दोन्ही तपासण्यांत नापास. त्याला वाटलं कुणीतरी त्याच्या नावानं फसवणूक करतंय. शोधल्यावर ते निघालं कोल्ड स्टोरेजमधलं तापमानाचं यंत्र. तापमान चढलं की ते त्याच्याच डोमेनवरून त्यालाच मेल करायचं. कागदावरच्या यादीत ते नव्हतं. त्याला ऑफिसच्या मेल खात्यातून, लॉगिन करून, ५८७ पोर्टवरून मेल पाठवायला लावलं. पी=रिजेक्ट घाईनं टाकलं असतं तर त्या इशाऱ्याचाच मेल अडला असता.

म्हणून क्रम असा. पी=नन किमान तीन-चार आठवडे, त्यात महिनाअखेरची बिलं जाण्याचा काळ आलाच पाहिजे. अहवालात तुमचे सगळे पाठवणारे पास दिसू लागले की पी=क्वारंटाइन, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये. आणखी काही आठवडे शांतता असेल तर पी=रिजेक्ट. नन वर कायमचं बसून राहणं म्हणजे दारावर कॅमेरा लावून दार उघडं ठेवणं.

शुभेच्छांचे मेल पाठवणाऱ्या सेवांबाबत एक गोष्ट. त्यांच्या पाकिटावर बहुतेकदा त्यांचंच डोमेन असतं, म्हणून एसपीएफ पास होऊनही तुमच्या डोमेनशी जुळत नाही. त्यांचा इन्क्लूड तुमच्या एसपीएफमध्ये कोंबून उपयोग नाही, उलट दहातला एक प्रश्न वाया जातो. त्यांच्या पॅनेलमध्ये 'डोमेन ऑथेंटिकेशन' शोधा, तिथे मिळणारे सीनेम टाका, म्हणजे सही तुमच्या डोमेनची होते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं हे नियम सक्तीचे केले. जीमेलच्या हिशेबात, त्यांच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली. लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि नीट पीटीआर लागतंच. "आम्ही दिवसाला वीस मेल पाठवतो, आम्हाला काय करायचंय" हे म्हणणं आता चालत नाही.

तपासणी

रेकॉर्ड टाकण्याआधी डिगनं सारखं विचारू नका. "असं काही नाही" हे उत्तरही मधले सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात, आणि मग टाकलेलं रेकॉर्ड तुम्हालाच दिसत नाही. घाई असेल तर आज्ञेत @ लावून तुमच्याच नेमसर्व्हरला थेट विचारा, तिथलं उत्तर ताजं असतं.

खरी परीक्षा मेल पाठवून. ऑफिसच्या पत्त्यावरून एका जीमेल खात्यावर मेल टाका, संगणकावर तो उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींसमोर पास किंवा फेल लिहिलेलं येतं. फक्त 'पास' शब्द बघून उठू नका. डीकेआयएमसमोर कुठलं डोमेन आहे तेही वाचा. तिथे जीॲप्सएसएमटीपी.कॉम दिसत असेल तर गूगल स्वतःच्या सामायिक किल्लीनं सही करतंय, तुमची किल्ली अजून सुरूच झालेली नाही. ही परीक्षा यादीतल्या प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी वेगळी द्या: बिलाच्या सॉफ्टवेअरमधून एक, वेबसाइटच्या फॉर्मवरून एक, स्कॅनरवरून एक.

सर्व्हर हलवताना

जुन्या सेवेवरून नव्या सेवेकडे जाताना दोन दिवस आधी एमएक्सचा टीटीएल (इतरांनी ते उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. आधीचा ८६,४०० असेल तर जग दिवसभर जुनाच पत्ता धरून बसतं. नव्या ठिकाणी खाती उघडून ठेवा, एसपीएफमध्ये जुना आणि नवा दोन्ही ठेवा, मग शनिवारी संध्याकाळी एमएक्स बदला. जुना डबा आणखी आठवडाभर उघडून बघत राहा. सगळं स्थिरावलं की टीटीएल पुन्हा ३,६०० करा आणि एसपीएफमधला जुना शब्द काढा. हा शेवटचा अर्धा भाग राहून जातो. मावसभावाकडे नेमका तोच राहिला होता.

उरलेसुरले

एमटीए-एसटीएस आणि टीएलएस-आरपीटी हे रेकॉर्ड येणारा मेल सांकेतिक मार्गानंच यावा यासाठी आहेत. चांगले आहेत, पण आधीचं सगळं पक्कं झाल्यावर.

देवनागरीतलं .भारत डोमेन घेतलं असेल तर रेकॉर्ड्स हेच, फक्त डीएनएसमध्ये डोमेन एक्सएन आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या रूपात बसतं; पॅनेल बहुधा ते रूपांतर स्वतः करतं. @ च्या अलीकडचा भागही देवनागरीत हवा असेल तर दोन्हीकडच्या सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ (अशा पत्त्यांची सोय) यायला हवं. पोस्टफिक्सला ते ३.० पासून येतं, जीमेल असे पत्ते २०१४ पासून स्वीकारतं, पण वाटेतल्या प्रत्येकाला येतंच असं नाही. व्यवहाराच्या मेलसाठी सोबत एक रोमन पत्ता ठेवा.

आणि ज्या डोमेनवरून तुम्ही मेल पाठवतच नाही, नाव कुणी पळवू नये म्हणून घेऊन ठेवलेलं ते दुसरं डोमेन, त्यालाही तीन ओळी लागतात, कारण भामटे रिकामं घरच शोधतात. एमएक्समध्ये प्राधान्य ० आणि किमतीच्या जागी नुसतं टिंब, म्हणजे "इथे मेल घेत नाही." एसपीएफ व्ही=एसपीएफ१ -ऑल; इथे मात्र -ऑलच बरोबर, पुढे ढकलायला मेलच नाही. डीमार्क थेट पी=रिजेक्ट. पाच मिनिटांचं काम आहे; पहिल्या डोमेनच्या अहवालांची वाट बघत असाल तेवढ्यात उरकून घ्या.